लिस्बनमधला एक दिवस: सकाळी नदीकाठ, दुपारी ताट, संध्याकाळी टेकडी

लिस्बनला निघालेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगते: सकाळी आठला नदीकाठच्या बेलेम भागात हजर राहा. पिवळी २८ नंबरची ट्राम, किल्ला, आल्फामाच्या गल्ल्या, ज्यांचे फोटो बघून तुम्ही तिकीट काढलंत ते सगळं संध्याकाळसाठी ठेवा.

यामागे साधा हिशेब आहे. लिस्बन टेकड्यांवर वसलेलं गाव आहे आणि त्याच्या फरसबंदीवर चालताना पाय लवकर बोलायला लागतात. बेलेम आणि बायशा हे दोन्ही भाग सपाट, तर आल्फामा आणि ग्रासा चढाचे. सपाट भाग आधी केला, मध्ये शांतपणे बसून जेवलं आणि ऊन उतरल्यावर टेकडी चढली, तर रात्री नऊलाही अंगात त्राण राहतं. शिवाय बेलेमच्या मठासमोर दहा वाजता जी रांग लागते ती दुपारपर्यंत हलत नाही, उलट आल्फामा संध्याकाळीच जागा होतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे उलटं केलं होतं. दुपारी दोनला, भर उन्हात, मठाच्या रांगेत आईला सव्वा तास उभं राहावं लागलं. पुढच्या खेपेला दिवसाचा क्रम बदलला आणि तोच इथे सांगते आहे.

मराठी माणसाला लिस्बनमध्ये आणखी एक सुख मिळतं, ते म्हणजे शब्द भेटतात. पाव, बटाटा, चावी, साबण, पगार, लिलाव, कोबी, अननस, काजू, घमेलं हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. गोवा १५१० ते १९६१ त्यांच्याकडे होता, वसई १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेईपर्यंत होती, आणि मुंबई तर १६६१ च्या लग्नाच्या तहात इंग्रजांना दिली गेली. त्यामुळे इथल्या दुकानाच्या पाट्या वाचताना मधूनच एखादा शब्द घरचा निघतो.

आदल्या दिवशी करायची कामं

वार बघा. सोमवारी बेलेमचा जेरोनिमोस मठ बंद असतो. रविवारी कार्मोचं संग्रहालय बंद असतं. एकच दिवस असेल तर तो मंगळवार ते शनिवारमधला निवडा.

मठाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा. बेलेमचा मनोरा आतून बघायचा असेल तर तो त्या दिवसांत उघडा आहे की दुरुस्तीसाठी बंद, हेही त्याच वेळी पाहून घ्या. बंद असला तरी हिरमुसायचं कारण नाही, त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट बाहेरच आहे. तिच्याविषयी पुढे सांगतेच.

मेट्रो स्टेशनवरच्या यंत्रातून 'नावेगांत' नावाचं कार्ड घ्या. कार्डाची किंमत अर्धा युरो. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर चौघं जाता येत नाही. त्यावर पैसे भरायच्या पद्धतीला 'झॅपिंग' म्हणतात. मी झॅपिंगच घ्या म्हणेन, कारण ते मेट्रो, ट्राम, बस आणि बेलेमला जाणारी लोकल या सगळ्यांत चालतं. साधा चोवीस तासांचा पास स्वस्त वाटतो, पण तो लोकलला चालत नाही आणि फाटकावर गेल्यावर ते कळतं. कार्डावर एका वेळी एकच प्रकार राहतो, म्हणून भरतानाच ठरवा.

बूट जुने, पायात बसलेले आणि रबरी तळव्याचे हवेत. लिस्बनचे पदपथ पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बेसाल्टचे छोटे चौकोनी दगड हातांनी बसवून केलेले असतात. शतकभर लोकांच्या चालण्याने ते गुळगुळीत झालेत आणि पाऊस पडला की साबण सांडल्यासारखे होतात. घरात गुडघेदुखीचं कुणी असेल तर उतारावर त्यांचा हात धरा. इथे चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो.

जून-जुलैत उजेड रात्री नऊपर्यंत असतो, डिसेंबरात सव्वापाचलाच सूर्य मावळतो. खाली दिलेल्या वेळा एप्रिल ते सप्टेंबरच्या आहेत. हिवाळ्यात टेकडीचा भाग दोन-तीन तास अलीकडे ओढा.

सकाळी आठ: बेलेम

काइश दो सोद्रे हे मेट्रोच्या हिरव्या मार्गाचं शेवटचं स्टेशन. तिथूनच काश्काइशकडे जाणारी लोकल सुटते. सगळ्या गाड्या बेलेमला थांबत नाहीत, जलद गाड्या पुढे निघून जातात, म्हणून फलाटावरच्या पाटीवर बेलेमचं नाव आहे का ते बघून चढा. दहा मिनिटांच्या आत पोहोचता. १५ नंबरची ट्रामही जाते, पण ती हळू आणि गच्च भरलेली असते, आणि खिसेकापूंची आवडती आहे.

मठ उघडायच्या आधी पोटपूजा. जवळच 'पश्तेइश द बेलेम' हे दुकान १८३७ पासून चालू आहे आणि सकाळी आठला उघडतं. १८३४ मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद केले गेले. त्यानंतर मठातली अंड्याच्या कस्टर्डच्या वडीची पाककृती शेजारच्या साखरेच्या कारखान्याकडच्या दुकानात विकायला आली, अशी इथली गोष्ट आहे. मठांमध्ये अंड्याचा पांढरा भाग कपड्यांना खळ करायला वापरत आणि पिवळं उरे, त्यातून इतक्या गोड पदार्थांचा जन्म झाला असंही सांगतात. शहरभर याच प्रकारच्या वडीला 'पश्तेल द नाता' म्हणतात, 'बेलेम' हे नाव फक्त या दुकानाचं.

बाहेरची रांग बांधून नेणाऱ्यांची असते. तिच्यात उभं न राहता सरळ आत जा. आत एकामागून एक निळ्या-पांढऱ्या फरशांच्या खोल्या आहेत आणि सकाळी टेबल सहज मिळतं. माणशी दोन मागवा आणि बरोबर 'गलांव' घ्या. ही उंच काचेच्या पेल्यातली भरपूर दुधाची कॉफी आपल्या जिभेला लगेच पटते. वड्या आल्यावर घाई करू नका. वरचा पिवळा थर जागोजागी करपून काळसर झालेला असतो, कडेचं पीठ हाताला चटका देतं आणि बोटानं दाबलं की कागदासारखं कुरकुरतं. टेबलावर दालचिनीची आणि पिठीसाखरेची पुडी असते. पहिली वडी तशीच खा, दुसरीवर दालचिनी भुरभुरा. ही दालचिनी इथल्या रोजच्या खाण्यात कशी आली, त्याचं उत्तर शेजारच्या मठात आहे. (अंडं न खाणाऱ्यांनी हा पदार्थ सोडून द्यावा. त्यांनी लोणी लावलेला टोस्ट, म्हणजे 'तोराडा', मागवावा. तो जाडजूड आणि पोटभरीचा असतो.)

जेरोनिमोस मठ राजा मानुएल पहिला याने सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बांधायला घेतला. पूर्वेकडच्या आणि आफ्रिकेच्या व्यापारावर पाच टक्के कर बसवून पैसा उभा केला. त्या व्यापारात मिरी होती, दालचिनी होती, म्हणजे आपल्या किनाऱ्यांवरून गेलेला माल होता; त्यांचा कर मात्र थेट राजाच्या तिजोरीत जाई. चर्चमध्ये शिरल्याबरोबर डाव्या हाताला वास्को द गामाची कबर आहे आणि उजव्या हाताला कवी कामोंइशची. गामाच्या कबरीवर गलबत कोरलेलं आहे, ते वाकून बघा. १४९७ च्या जुलैत तो याच बेलेमच्या काठावरून निघाला आणि पुढच्या मे महिन्यात कालिकतला उतरला. १५२४ मध्ये तो कोचीत वारला, तिथेच पुरला गेला, आणि मग त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. शाळेत ज्याच्या नावाला आपण एक गुण मिळवला, तो इथे दगडाचे हात जोडून झोपलेला आहे. मी दोन्ही वेळा तिथे बराच वेळ थांबले. कालिकतच्या लोकांवर त्याने पुढच्या सफरीत जे अत्याचार केले तेही आठवत होतं, आणि बाजूला शाळेतली मुलं शिक्षिकेकडून त्याची थोरवी ऐकत होती.

आतल्या दुमजली अंगणाला वेगळं तिकीट आहे, तेच तुम्ही आधी काढलंय. तिथे खांबांवरचं कोरीवकाम जवळून बघा. दगडात वळलेले जहाजाचे दोर, गाठी, पानं, प्राणी आहेत. वरच्या मजल्यावर जायला विसरू नका, कारण गर्दी बहुतेक खालीच फिरते. तास-सव्वा तास पुरतो.

आता पादचारी पुलाने किंवा भुयारी वाटेने रेल्वे ओलांडून नदीकाठी या. समोरचं ५६ मीटर उंच पांढरं स्मारक १९६० चं, हुकूमशहा सालाझारच्या काळातलं आहे. समुद्रसफरींचा गौरव म्हणून ते उभं केलं आणि पुढच्याच वर्षी गोवा मुक्त झाला. बाहेरून बघितलं तरी चालतं. वर जायचा वेळ मी बेलेमच्या मनोऱ्याला देते, जो नदीकाठाने पंधरा मिनिटांवर आहे.

मनोऱ्याच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात, पहारेकऱ्याच्या छोट्या घुमटीच्या खाली, दगडात एका प्राण्याचं डोकं आहे. वाऱ्यापाण्याने इतकं झिजलंय की नुसतं बघून ओळखणं अवघड जातं. तो गेंडा आहे, आणि तो आपल्याकडून आलेला आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फर शाह याने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्कला भेट दिला, गोव्याहून तो जहाजात चढवला गेला आणि २० मे १५१५ ला लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिलाच नव्हता. राजाने त्याला हत्तीसमोर उभं केलं तेव्हा हत्ती पळून गेला. जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूररने तो न बघताच, पत्र आणि रेखाटनावरून त्याचं प्रसिद्ध चित्र छापलं. पुढे पोपला भेट म्हणून नेताना जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेला तो प्राणी त्यात मेला. बरोबर मुलं असतील तर ही गोष्ट त्यांना मनोऱ्यापाशीच सांगा आणि डोकं त्यांना शोधू द्या.

साडेबारापर्यंत परतीची गाडी धरा.

दुपारचं जेवण: याला दीड तास द्या

इथे बहुतेक जण चूक करतात. वेळ वाचवायचा म्हणून हातात काहीतरी घेऊन चालत खातात आणि रात्री पर्यटकांसाठी मांडलेल्या महागड्या टेबलावर बसतात. लिस्बनमध्ये दुपारचं जेवण हेच खरं जेवण आहे. साडेबारा ते तीन या वेळात छोट्या खाणावळी, ज्यांना इथे 'ताश्का' म्हणतात, कचेरीतल्या आणि दुकानातल्या लोकांसाठी 'प्रातो दो दिया' म्हणजे आजचं ताट करतात. तेच अन्न, तेच हात, आणि रात्रीच्या मानाने कितीतरी कमी पैसे.

ताश्का ओळखायची कशी? दारात कुणी हाका मारत नसेल, पदार्थांचे रंगीत फोटो लावलेले नसतील, आणि काचेवर किंवा कागदी टेबलपोशावर आजचे तीन-चार पदार्थ हाताने लिहिलेले असतील, तर आत शिरा. काइश दो सोद्रेपासून बायशाच्या मुख्य रस्त्यांवर न जाता एक-दोन गल्ल्या बाजूला गेलात की अशी जागा सापडते. एक वाजता गेलात तर जागा मिळते, दीडला थांबावं लागतं. तिथलाच मोठा झाकलेला बाजार, मेर्कादो दा रिबेइरा, घोळक्यात प्रत्येकाची आवड वेगळी असली की सोयीचा पडतो, पण आवाज फार आणि बसायला जागा शोधत फिरावं लागतं.

बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, कधी चीज टेबलावर येतं. हे फुकट नसतं, याला 'कुवेर' म्हणतात आणि खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हसून 'नांव, ओब्रिगादु' म्हणा, बाईने 'ओब्रिगादा' म्हणायचं, आणि ते परत नेतात. हात लावला नाही तर पैसे लावता येत नाहीत, तसा इथला नियमच आहे. मी मात्र पाव ठेवून घेते. एका खाणावळीत वाढणाऱ्या आजींना मी पावाकडे बोट दाखवून म्हटलं, आमच्याकडेही याला पावच म्हणतात. त्यांनी तो शब्द नाकातून, 'पांव' असा म्हणून दाखवला, मग माझ्या ताटलीतल्या बटाट्याला काटा लावून विचारलं, आणि हा? मी म्हटलं, बटाटा. त्या आत जाऊन स्वयंपाक्याला बाहेर घेऊन आल्या आणि मला पुन्हा म्हणायला लावलं.

मासे खाणाऱ्यांनी 'बकल्याव' घ्यावं. हा खारवून सुकवलेला कॉड मासा, दोन दिवस पाण्यात भिजवून मीठ काढून मगच रांधतात. सुक्या माशाची सवय असलेल्या आपल्या कोकणी माणसाला तो परका वाटत नाही. पहिल्यांदा 'बकल्याव आ ब्राश' मागवा. त्यात माशाचे तंतू, बटाट्याच्या बारीक तळलेल्या काड्या, कांदा आणि अंडं एकत्र परतलेलं असतं आणि काट्याची भीती नसते. जूनमध्ये गेलात तर कोळशावर भाजलेल्या सार्डिन, म्हणजे आपल्या तारल्यांच्या घरातल्या. १२ जूनच्या रात्री सांत आंतोनियोच्या सणाला आल्फामाच्या प्रत्येक दारात त्या भाजत असतात. बाकीच्या ऋतूंत त्या गोठवलेल्या असण्याचा संभव जास्त, तेव्हा दुसरं काही घ्या. 'बिफाना' हा पावात घातलेला मसालेदार मांसाचा काप दिसायला वडापावाचा भाऊ वाटतो, पण तो डुकराच्या मांसाचा असतो, हे लक्षात ठेवा.

शाकाहारी असाल तर थोडी तयारी लागते, उपाशी राहायची वेळ मात्र येत नाही. 'सें कार्न, सें पेइश' म्हणजे मांस नको, मासा नको. 'सें ओवु' म्हणजे अंडं नको. ही दोन वाक्यं मोबाइलवर लिहून दाखवा, नुसतं 'व्हेज' म्हटलं तर ट्यूना घातलेलं सॅलड समोर येऊ शकतं. जवळजवळ प्रत्येक ताश्कात 'सोपा द लेगुमिश' हे भाज्यांचं सूप असतं. 'काल्दो वेर्दे' हे बटाट्याच्या घट्ट सुपात बारीक चिरलेला कोबीचा पाला घालून करतात, पण वर सॉसेजचा एक काप टाकलेला असतो आणि पुष्कळदा तो सुपातच शिजवलेला असतो, म्हणून आधी विचारा. मला सगळ्यात आवडतं ते 'पेइशिन्योश दा ओर्ता'. नावाचा अर्थ बागेतल्या मासोळ्या, आणि प्रत्यक्षात ती फरसबीची भजी. पोर्तुगीजांनी हीच रीत जपानला नेली आणि तिचा तेंपुरा झाला असं मानतात. पिठात अंडं असू शकतं. शेवटी 'अरोश दोस' मागवा. ही तांदळाची घट्ट खीर, वर दालचिनीची नक्षी काढलेली. तिच्यात कधी अंड्याचं पिवळं घालतात, तेही विचारून घ्या.

तिखटाची सवय असेल तर 'पिरी-पिरी' मागा. मिरची, बटाटा, काजू, पेरू, अननस या गोष्टी पोर्तुगीज जहाजांतून अमेरिकेकडून आपल्या किनाऱ्याला लागल्या, त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी. आणि चहाच्या दुकानाच्या काचेत 'शामुसा' दिसेल. तो आपला सामोसाच, गोव्याच्या आणि मोझांबिकच्या वाटेने इथे स्थायिक झालेला. आत बहुतेक खिमा असतो.

बिल मागायला 'आ कोंता, फाश फावोर'. टीप सक्तीची नाही, सुटे पैसे ठेवले तरी पुरे. पाणी नळाचं चालतं, बाटली भरून घ्या.

साडेतीन ते साडेपाच: बायशा आणि शियाडो

नदीकाठच्या प्रासा दो कोमेर्सियो या मोठ्या चौकात येऊन पाण्याकडे पाठ करून उभे राहा. समोरचे सरळ, एकसारखे रस्ते युरोपच्या जुन्या शहरात विचित्र वाटतात. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी, सणामुळे चर्च भरलेली असताना, इथे भूकंप झाला, मागून समुद्र आत शिरला आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. या चौकात राजाचा वाडा होता आणि हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी, 'काझा दा इंडिया', इथेच होती. दोन्ही त्या दिवशी गेले. पुण्यात तेव्हा नानासाहेब पेशव्यांचा काळ होता. नंतर राजाचा मंत्री मार्केझ द पोंबाल याने हा भाग नव्याने आखला. भिंतींच्या आत लाकडी पिंजरा बसवला, म्हणजे धक्का बसला की घर डोलेल पण कोसळणार नाही. रस्त्यांना धंद्यांची नावं दिली: सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. आपल्या पेठांत फिरलेल्या माणसाला ही रीत ओळखीची वाटते.

रुआ ऑगुश्ता या मधल्या रस्त्यावरच्या कोणत्याही हॉटेलात बसू नका, नुसते चालत रोसियो चौकात जा. तिथली काळी-पांढरी लाटांची फरसबंदी एकोणिसाव्या शतकातली आहे.

रोसियोच्या कोपऱ्यावर साओ दोमिंगोस चर्च आहे. प्रवेश फुकट, आणि माझ्या मते लिस्बनमधली सगळ्यात जास्त हलवून टाकणारी जागा. १९५९ मध्ये आतून जळालं. दुरुस्त करताना जळकी खूण झाकली नाही. खांब तडकलेले, कडा आगीने खाल्लेल्या, दगडाचे पापुद्रे निघालेले, आणि वर साधं, विटकरी रंगाचं छत. बाहेरच्या चौकात १५०६ मध्ये इथून सुरू झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे. आत दहा मिनिटं बसा. कुणी काही बोलत नाही.

बाहेर आलं की समोरच 'अ जिंजिन्या' हे भिंतीत बसवल्यासारखं दुकान, १८४० पासूनचं. आंबट चेरीची गोड दारू छोट्या पेल्यात देतात आणि फळासकट की फळाशिवाय ते विचारतात. दारू घेत नसाल तर पुढच्या कॅफेत काउंटरवर उभं राहून 'बिका' घ्या, ही इथली छोटी कडक कॉफी. काउंटरवर ती युरोच्या आसपास मिळते, बाहेरच्या खुर्चीवर बसलं की भाव वाढतो.

सांता जुश्ताची लोखंडी लिफ्ट १९०२ ची, दिसायला सुंदर, पण तिच्या रांगेत तास जातो. त्याऐवजी बायशा-शियाडो मेट्रो स्टेशनात शिरा आणि सरकत्या जिन्यांनी शियाडोच्या बाजूला वर या. चढ फुकटात टळतो. तिथे 'बेर्ट्रांड' हे १७३२ पासूनचं पुस्तकांचं दुकान आहे. पुढे कार्मोचा चौक. कार्मोच्या मठाचं छप्पर भूकंपात पडलं ते पुन्हा घातलंच नाही, कमानींमधून निळं आकाश दिसतं. याच चौकात २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी वेढा दिला आणि हुकूमशाही संपली, बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोवली. त्याच वर्षीच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. मठाच्या मागच्या गच्चीवरून समोरची टेकडी आणि किल्ला दिसतो, आता तिकडेच जायचंय.

साडेपाच: टेकडी

२८ नंबरच्या ट्रामसाठी थांबू नका. तिचा आनंद घ्यायचा तर सकाळी सातच्या आधी, नाहीतर दुसऱ्यांचे खांदे आणि पाकिटाची काळजी एवढंच हाती लागतं. बायशातल्या रुआ दोश फांकेइरोशवर १७० नंबरच्या इमारतीत नगरपालिकेची फुकट लिफ्ट आहे. ती वरच्या रस्त्याला सोडते. तिथून थोडं पुढे गेलं की जुन्या बाजाराच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, तीही फुकट. दोन लिफ्टमध्ये निम्मी टेकडी संपते. चालणं अजिबात नको असेल तर प्रासा दा फिगेइराहून ७३७ नंबरची बस किल्ल्याच्या दारापर्यंत जाते.

किल्ला आतून बघायचा की नाही? एक दिवस असेल तर मी नको म्हणेन. आत तटबंदी आणि मोर आहेत, आणि आपण गड पाहिलेली माणसं आहोत. त्यापेक्षा सांता लुझियाच्या गच्चीवर जा. बोगनवेलीखाली बसायला ओटे आहेत आणि चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांचं एक मोठं चित्र आहे. मघाशी उभे होतात तो नदीकाठचा चौक त्यात भूकंपाआधी होता तसा दिसतो. दोन मिनिटांवरच्या पोर्ताश दो सोलवरून आल्फामाची कौलं आणि नदी, असं पुस्तकातलं दृश्य. पण ही जागा पूर्वेकडे तोंड करून आहे, इथून सूर्यास्त दिसत नाही. त्यासाठी आणखी पंधरा मिनिटं चढून ग्रासाच्या गच्चीवर जा. पाइनची झाडं, एक छोटं कॉफीचं दुकान, समोर किल्ला आणि त्यापलीकडे नदीवरचा लाल पूल. जूनमध्ये इथे नऊपर्यंत बसता येतं. दिवसभरातली माझी आवडती बैठक हीच.

रात्री: आल्फामा, जेवण आणि फाडो

खाली उतरताना वाट चुकली तरी काळजी करू नका. आल्फामात सगळे उतार शेवटी नदीकडे जातात. इथले लोक खरोखर या घरांत राहतात, दोऱ्यांवर त्यांचे कपडे वाळतात, म्हणून आवाज बेताचा ठेवा आणि कुणाच्या दारात कॅमेरा धरू नका.

फाडो, म्हणजे इथलं आर्त सुरांचं गाणं, ऐकायचा असेल तर दोन मार्ग. ठरावीक जेवणासह कार्यक्रम असतो तो महाग पडतो, आधी जागा राखावी लागते. दुसरा, छोटी खाणावळ, जिथे आसपासचे लोक उठून गातात आणि तुम्ही थोडंफार खाऊन-पिऊन बसता. मी दुसरा निवडते. दारावर किमान किती खर्च करावा लागतो ते लिहिलेलं नसेल तर बसण्याआधी विचारा. एका जागी मी विचारलं नाही आणि दोन सुपांच्या बिलात माणशी वीस युरो वेगळे लागले. दुपारी पोटभर झालं असेल तर आता सूप, चीज, पाव एवढं पुरतं.

दिवे मंद झाले की बोलणं थांबवायचं आणि वाढपीही जागच्या जागी थांबतात. एक साधी गिटार आणि एक बारा तारांची गोल पोटाची पोर्तुगीज गिटार, गाणारी बाई बहुतेक डोळे मिटून उभी. शब्द कळत नाहीत, पण स्वर लांबवताना आवाज जिथे मोडतो तिथे आपल्याकडच्या मैफलीसारखीच शेजारच्या टेबलावरून हळूच दाद येते. गाणं चालू असताना आत शिरू नका, बाहेर पडू नका, दोन गाण्यांच्या मधली वेळ बघा.

आल्फामाच्या पायथ्याला सांता आपोलोनिया स्टेशन आहे, मेट्रोच्या निळ्या मार्गाचं टोक. मेट्रो रात्री एकपर्यंत चालते आणि बायशा-शियाडोला हिरवा मार्ग मिळतो. कार्डात परतीपुरते पैसे आहेत ना, ते फाडोला बसण्याआधीच बघून ठेवा, रात्री तिथल्या यंत्रांपुढे शेवटच्या गाडीसाठी रांग असते.